चिंचेभोवती तीन वेढे

नावेच्या बुडाची एक फळी काढून झाली होती, दुसरी निम्मी सुटली होती, आणि नेमकं तेव्हाच वरच्या बंधाऱ्याचं पाणी सुटणार असल्याची बातमी आली. संकटाची रीतच अशी. घर झाडून-पुसून बसा, कुणी फिरकत नाही. पसारा काढून बसा, पाहुणा दारात हजर.

बातमी आणली ती सायकलला कर्णा बांधून फिरणाऱ्या माणसाने. काठावर एक पाय टेकून त्याने ओरडून सांगितलं, "उद्या दुपारनंतर पाणी सुटणार. पात्रातली जनावरं, पंप, कपडे, काय असेल ते वर घ्या." एवढं सांगून तो पुढच्या वळणाला लागलासुद्धा. नावेबद्दल तो काही बोलला नाही. पाणी यायच्या वेळेला नाव जमिनीवर असेल, असं त्याला तरी कसं वाटावं?

नावाडी तेव्हा नावेखाली पाठीवर निजून भेगांतलं जुनं डांबर खरवडत होता. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. ते पाय क्षणभर थांबले आणि खरवडण्याचा आवाजही थांबला.

"ऐकलंत का बाबा?" त्याची मुलगी वाकून म्हणाली. तिला घरात आणि घाटावर सगळे भिंगरी म्हणत. उभी असली तरी तिचा एक पाय हलत असे, आणि बसली असली तर दोन्ही.

"कान आहेत मला," खालून आवाज आला.

"मग आता?"

"आता बाहेर येतो आधी. डोळ्यात डांबर गेलंय."

बाहेर येऊन तो नावेकडे बघत राहिला. दरवर्षी या दिवसांत नदी आटून काठापासून लांब जायची, तेव्हा नाव पात्राच्या कडेला कोरडी पाडून डागडुजी करायची आणि पाणी वाढायच्या आधी वर चिंचेच्या झाडापाशी ओढून ठेवायची. नवी फळी सुताराकडे होती, अजून ओली. बुडाला भोक असलेली नाव पाण्यात तरंगणार नव्हती; भरणार, कलंडणार आणि खालच्या खडकांवर जाऊन फुटणार. जागेवर बांधून ठेवली तरी तेच. वर नेणं हा एकच उपाय होता, आणि वर नेणारी माणसं भट्टीवर होती.

तिथेच तर घोडं अडलं होतं.

वीटभट्टी घाटाच्या डाव्या अंगाला. भट्टीवरची माणसं वर्षभर नावेतून फुकट ये-जा करत, आणि त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा येऊन नाव वर ओढत. दहा-बारा जण दोराला लागले की बिड्या ओढत, थट्टा करत काम व्हायचं. कुणी कुणाला बोलवायचंही नसे. पण गेल्या आठवड्यात मुकादमाने नावेत इतक्या विटा भरल्या की वरची फळी पाण्याला टेकली. नावाडी म्हणाला, थोड्या उतरवा. मुकादम म्हणाला, विटा आमच्या, तुझं काय जातं? नावाडी म्हणाला, नाव माझी. आणि सगळ्यांसमोर त्याने विटांचे दोन थर स्वतःच्या हाताने काठावर उतरवले. मुकादमाने तेव्हा उतरवलेल्या विटा नुसत्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी मात्र भट्टीवर त्याने सांगून टाकलं की, यंदा नाव ओढायला कुणी गेलं तर त्याने नावेतच राहायला जावं.

"जाऊन बोला तरी," भिंगरीची आई म्हणाली. ती कमी बोलायची. तिचं एक वाक्य म्हणजे दुसऱ्याची पाच.

नावाडी गेला. भिंगरी न सांगता मागे गेली. मुकादम भट्टीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. त्याने मान वर केली, नावाड्याला बघितलं आणि पुन्हा पायाच्या अंगठ्यातला काटा काढायला लागला. काटा निघेना. नावाडी उभा. माणसं समोर विटा रचत होती. ओळखीची, रोज नावेत बसणारी. एकाही डोळ्याने वर बघितलं नाही.

"उद्या पाणी येतंय," नावाडी शेवटी म्हणाला.

"येणारच. नदी आहे."

"नाव खाली आहे."

"असणारच. नाव आहे." मुकादमाने काटा काढून बोटावर धरून बघितला. "माणसं कामात आहेत रे. तुझी नाव तुझी, माझी माणसं माझी. तूच म्हणालास ना असं काहीसं?"

नावाड्याने खांद्यावरचा पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला आणि वळला. परत येताना तो एवढ्या भराभर चालला की भिंगरीला पळावं लागलं. बाबांना असं उभं राहिलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. नावेत तर ते बसलेल्यांपेक्षा कायम उंच असायचे.

"आपण ओढू," ती मागून म्हणाली.

"कोण आपण?"

"तुम्ही, आई, आत्या, मी."

नावाड्याची चाल जराशी मंदावली.

आता हे बोलायचं धाडस भिंगरीला कुठून आलं, तर त्याचीही गोष्ट आहे. महिन्यापूर्वीपर्यंत वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. मग एक दिवस विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर खोकं काढलं. खोक्याला दोर, दोराला बाण. खोकं शंभर किलोचं. वीस किलोच्या जोराने ओढलं, तरी ते जागचं हललं नाही, तर घर्षण किती? वर्गातल्या हुशार पोरांनी भराभर गुणाकार केले आणि मोठमोठे आकडे सांगितले. भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, "वीसच." सगळे हसले. बाई म्हणाल्या, का? तिचे कान तापले होते, पण ती म्हणाली, "हललं नाही ना ते? मग आपण जेवढं ओढलं, तेवढंच त्याने उलटं धरलं. जास्त धरलं असतं तर खोकं मागे गेलं असतं." बाईंनी खडू तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून तिच्या तोंडाचं कुलूपच हरवलं. जेवताना घर्षण, झोपताना घर्षण. आत्या म्हणायची, "हे तुझं घर्षण म्हणजे तुझी आई. मी जेवढं भांडते, तेवढीच ती अडून बसते. पुढेही जात नाही आणि मागेही."

आत्या म्हणजे नावाड्याची मोठी बहीण. अंगाने दांडगी, जिभेने त्याहून. भावाच्या घरी राहायची आणि ते घर आपलंच आहे अशी वागायची.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवर भिंगरीने अंगणात मांडामांड केली. नावेत पोती तोलायचा टांगता ताणकाटा आणला, स्प्रिंग ताणली की काटा खाली सरकतो तो, एक फळकूट आणलं, त्यावर विटा रचल्या, दोर बांधला आणि काट्याने ओढायला लागली. कोरड्या खडीवरून ओढलं तर काटा जोरात खाली गेला. लाकडावरून ओढलं तर जरा कमी. मग तिने नदीकाठची चिकणमाती घट्ट कालवून लाकडावर लिंपली आणि ओढलं, तर विटा लोण्यावरून जाव्यात तशा गेल्या.

"दहा किलोला एक किलो," ती ओरडली. "बाबा, नाव किती जड?"

"रिकामी बारा पोत्यांएवढी धर."

तिने काडी घेऊन अंगणातच हिशेब मांडला. बारा पोती म्हणजे सहाशे किलो. दहातला एक, म्हणजे साठ. चौघांत वाटले तर पंधरा-पंधरा. तिने काडी फेकून दिली. "पंधरा किलो तर मी रोज विहिरीतून ओढते. मुकादमाला उद्या खुर्चीसकट ओढू आपण."

आत्या ओसरीवरून म्हणाली, "त्याला राहू दे. माती खराब होईल."

नावाडी उकिडवा बसून ते आकडे बघत होता. त्याला आकड्यांतलं फारसं कळत नव्हतं, पण मुलीच्या हाताखालून फळकूट कसं सरकलं ते त्याने नीट बघितलं होतं. "अंगण सपाट आहे," तो म्हणाला. "काठ सपाट आहे का?"

भिंगरीचा हलता पाय थांबला.

तिने फळकुटाखालचं लाकूड पायरीला तिरपं लावलं आणि पुन्हा ओढलं. काटा दुपटीवर गेला. आणखी तिरपं केलं, झाडाजवळ काठ चढतो तसं, काटा तिपटीवर. दोर सोडला तर विटा आपल्याआपण सुळकन खाली आल्या आणि एक तिच्या अंगठ्यावर पडली. अंगठा धरून ती एका पायावर नाचली, पण नाचता नाचताही तिने ते पक्कं ध्यानात घेतलं. तिप्पट म्हणजे माणशी पंचेचाळीस. शिवाय आणखी एक. हलायच्या आधी काटा नेहमी जास्त खाली जायचा, हलल्यावर थोडा वर यायचा.

"एकदा निघाली की थांबवायची नाही," ती म्हणाली. "थांबली की पुन्हा जास्त जोर लागतो."

"तुझ्या आईचंही असंच," आत्या म्हणाली, "ती एकदा बोलायला लागली की मी थांबवते, तेच चुकतं माझं."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मी मागे पहार लावीन. पहिला हिसका मी देते."

बस्स, ठरलं.

दिवस उगवायच्या सुमाराला चौघं घाटावर होती. नावेपासून चिंचेपर्यंत आडवे ओंडके टाकले. मग माती. दरवर्षी माती टाकायचं काम नावाड्याचंच असे आणि त्याची त्यात एक शान होती. घमेल्यामागून घमेलं तो ओतायचा, फावड्याने पसरायचा, हाताने गुळगुळीत करायचा. ओंडके लिंपले, ओंडक्यांमधली जागा लिंपली, दोन्ही अंगांना हातभर लिंपलं. "आणखी ओता," भिंगरी म्हणत होती. "जितकी निसरडी तितकी बरी." दोघं बापलेक चिखलाने माखली. ऊन वर आलं तेव्हा तो सगळा चढ नुकत्या सारवलेल्या भिंतीसारखा चकाकत होता.

दोर नावेच्या नाकाला बांधला. पुढे नावाडी, मग आत्या, मग भिंगरी. मागे पहार घेऊन आई. भट्टीवरची माणसं न्याहारीला काठावर येऊन बसली होती. मुकादमही होता, खुर्चीशिवाय, उभा.

"हां," नावाडी म्हणाला.

आईने पहारीवर सगळं अंग टाकलं. तिघांनी ओढलं. आणि आत्या बसली. म्हणजे आधी तिचे पाय पुढे गेले, मग ती चिखलात बसली आणि बसल्या बसल्या खाली घसरत निघाली. तिच्या पायात भिंगरी अडकली. नावाडी दोर धरून उभा राहायला गेला तर त्याच्या टाचांनी दोन लांब रेघा ओढल्या आणि तोही वाकून गुडघ्यावर. नाव जागची हलली नाही. नाव ओढणारेच नावेकडे निघाले.

काठावर आधी एक हसला, मग सगळे. हसू दाबायचा कुणीकुणी प्रयत्न केला, पण आत्या उठायला गेली आणि पुन्हा बसली तेव्हा कुणालाच आवरलं नाही.

"नावेने तुम्हाला ओढलं की रे," मुकादम म्हणाला. "उलटा धंदा."

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नावाडी उठला तेव्हा त्याचा गुडघा फुटला होता, चिखलातून रक्ताची बारीक रेघ येत होती. तो कुणाकडेच बघत नव्हता. भिंगरीला वाटलं, रात्रीतून आपला हिशेबच खोटा झाला. दहातला एक, तिप्पट, चौघांत वाटून, कुठे चुकलं? तिने रागाने दोराला हिसका दिला आणि एकटीच घसरली. घसरताना तिला स्वतःचे पाय दिसले.

तिथेच बसून ती पायांकडे बघत राहिली.

"उठ," आत्या म्हणाली. "बसून ओढायची नाव नाही ही."

"आत्या, दोराला दोन टोकं," भिंगरी म्हणाली. "ओढ दोन्हीकडे सारखीच. नावेखाली निसरडं आणि आपल्याही पायाखाली निसरडं. ज्याची पकड कमी तो सरकणार. नाव जड, तिची पकड जास्त. म्हणून आपण जातोय." ती उठून उभी राहिली, चिखलाने भरलेली, डोळे मोठे. "घर्षण नावेखाली नको होतं, बाबा. आपल्या पायाखाली हवं होतं. आपण सगळीकडचंच घालवून बसलो."

नावाड्याने आपल्या सुंदर लिंपलेल्या काठाकडे बघितलं. "बारा जणं असायची," तो हळूच म्हणाला. "चार पडली तर आठ उभी असायची. कधी ध्यानातच आलं नाही."

"वाळू टाकू?"

"वाळू चिखलात बुडते. टोचेल असं काहीतरी पाहिजे."

आई पहार टेकून ऐकत होती. तिने टोपली उचलली आणि सरळ भट्टीकडे चालायला लागली. मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "विटांचे फुटके तुकडे पडलेत मागे. नेऊ का?"

"कचरा आहे तो. न्या की." मुकादम हसत होता अजून. "घर बांधताय का चिखलात?"

आई ढिगापाशी गेली. ती भरायला वाकली तेव्हा विटा रचणाऱ्या बायांपैकी एकीने, मुकादमाकडे पाठ करून, पायाने एक मोठा ढीग तिच्या बाजूला लोटला. मग दुसरीनेही. आई किती वेळा आली-गेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ओंडक्यांच्या दोन्ही अंगांना लाल तुकड्यांच्या वाटा झाल्या. मधली वाट निसरडी ठेवली, नावेची. कडेच्या वाटा खरबरीत, माणसांच्या.

आता पाय रोवले की तुकडे टाचांत रुतायचे. दुखायचं, पण धरून ठेवायचं.

"हां," नावाडी म्हणाला.

पहार करकरली. नावेखालून काहीतरी सुटल्यासारखा ओला आवाज आला, आणि एवढं मोठं धूड, जे सकाळपासून मेल्यासारखं पडलं होतं, ते हलकेच पुढे आलं.

"थांबू नका," भिंगरी किंचाळली. आई पहार टाकून पळत येऊन दोराला लागली. चौघं वाकून, जमिनीकडे बघत, एक पाऊल, आणखी एक. नाव येत होती. आत्या ओढता ओढता शिव्या देत होती. नावेला, मुकादमाला, सुताराला, आणि मग शिव्या संपल्यावर नुसतं हूं-हूं करत होती. काठावरचं हसू कधी बंद पडलं ते कुणाला कळलंही नाही. जेवणवेळेपर्यंत, थांबत-निघत, अर्धा काठ मागे पडला.

नावाड्याने भिंगरीला दोराच्या पुढच्या टोकाला, झाडाच्या बाजूला पाठवलं, आणि मग खडा चढ लागला.

तिथे पंचेचाळीस किलो म्हणजे काय ते सगळ्यांच्या अंगाला कळलं. हिशेबातले पंचेचाळीस वेगळे आणि तळहाताचं सालटं निघालं असताना, पोटात काही नसताना, उन्हातले पंचेचाळीस वेगळे. नाव हातभर यायची, थांबायची. पुन्हा निघेपर्यंत जीव जायचा. आत्याच्या टाचेतून तुकडा आरपार गेल्यासारखा घुसला, तिने पाय उचलला, आणि तेवढ्याने तोल गेला. नाव मागे सरकायला लागली. आधी हळू. मग दोर हातांतून सरसरायला लागला.

"सोडू नका," नावाडी ओरडला, पण तो स्वतःच ओढला जात होता.

भिंगरी सगळ्यात वर, झाडाजवळ होती. दोराचं मोकळं टोक तिच्या मागे पडलं होतं. विचार करायला वेळ नव्हता. तिने ते टोक उचललं आणि चिंचेला फेरी मारली. दोर खोडावर घासून चर्र वाजला, सालीचा वास आला, पण नाव जातच होती. दुसरी फेरी. दोर मंदावला. तिसरी फेरी घेताना तिचा खांदा झाडाला आपटला. आणि दोर थांबला. खाली नाव थांबली. बारा पोत्यांची नाव, आणि भिंगरीच्या हातात दोर असा, जसा शेळीचा असतो.

ती बघतच राहिली. चिंचेची खरखरीत साल, दोराचे तीन वेढे, आणि तिच्या दोन मुठी.

"जड आहे का?" खालून नावाड्याने विचारलं. तो चिखलात आडवा होता.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "झाड धरतंय."

आईने पळत जाऊन नावेमागे ओंडका अडकवला. आत्या टाच धरून लंगडत आली आणि दम घ्यायला म्हणून, नाव आणि झाड यांच्या मध्ये ताठ झालेल्या दोरावर रेलली. सगळ्या अंगानिशी रेलली. आत्या रेलली म्हणजे रेलली. दोर मधोमध वाकला, आणि खाली नाव वीतभर वर आली.

सगळ्यांनी आधी नावेकडे, मग आत्याकडे बघितलं.

"मी काही केलेलं नाही," आत्या म्हणाली.

"हलू नकोस आत्या," भिंगरी म्हणाली. "आई, ओंडका. ओंडका पुढे घे." आईने ओंडका वीतभर वर सरकवून नावेच्या बुडाशी ठोकला. "आता सावकाश सरळ हो." आत्या सावकाश सरळ झाली, दोर सैल पडला, आणि तो सैल पडलेला तेवढा दोर भिंगरीने वेढ्यांमधून झटकन ओढून घेतला. "पुन्हा रेल."

"एवढंच करायचं?"

"एवढंच."

"आयुष्यभर मला सगळे म्हणाले, जरा कमी खा," असं म्हणत आत्या पुन्हा दोरावर रेलली. नावाडीही दुसऱ्या बाजूने दोर दाबायला लागला. वीतभर. ओंडका. दोर ओढ. वीतभर. ताठ दोराला सरळ ओढायला जे बळ पुरत नव्हतं, ते त्याला आडवं दाबायला पुरत होतं. का, ते बाईंना विचारायचं भिंगरीने मनात टिपून ठेवलं, पण आत्ता तिला बोलायला श्वास नव्हता. डोळे दोरावर, मुठी आवळलेल्या. वरून काठावर जमलेल्या माणसांच्या बोलण्याचा आवाज आला, बायांचा, पोरांचा. तिने मान वळवली नाही. कुठूनतरी गार वारा आला, नदीच्या वरच्या अंगाचा, गढूळ पाण्याच्या वासाचा. ती आणखी घट्ट धरून राहिली. वीतभर. ओंडका.

पाणी आलं तेव्हा गाजावाजा काही झाला नाही. आधी पात्रातल्या डबक्यांना एकमेकांशी बोलायची वाट मिळाली. मग पायी पलीकडे जायच्या उताराचे दगड एकेक करून दिसेनासे झाले. मग सकाळी नाव जिथे होती ती जागा, तिथल्या टाचांच्या रेघांसकट, तपकिरी पाण्याखाली गेली. लिंपलेली वाट खालून विरघळत गेली. लाल तुकडे तेवढे पाण्यात काही वेळ दिसत राहिले. चिंचेच्या जरा अलीकडे येऊन टेकलेल्या नावेच्या मागच्या टोकापासून चार पावलांवर पाणी थबकलं आणि तिथेच फेस सोडत राहिलं.

नावाडी नावेला हात लावून उभा होता. मुकादम आला. त्याने पाण्याकडे बघितलं, जिथून सकाळपर्यंत त्याची माणसं दगडांवरून पलीकडे जात होती तिकडे. भट्टीपाशी रचलेल्या विटांकडेही बघितलं.

"नाव कधी चालू होणार?"

"फळी वाळली की."

"विटा आहेत."

"दिसतायत."

मुकादम नावेभोवती एक फेरी मारून आला. "किती नेशील एका खेपेला?"

"वरची फळी कोरडी राहील तेवढ्या," नावाडी म्हणाला. आवाज चढला नव्हता, उतरलाही नव्हता.

मुकादमाने पायाने एक विटेचा तुकडा उलटा केला. "हे आमचेच ना तुकडे?"

"हो," आई म्हणाली. ओंडक्यावर बसून ती हाताला पट्टी गुंडाळत होती. "परत हवेत?"

मुकादम हसला नाही. "राहू देत," एवढं म्हणून तो गेला. जाताना लाल वाटेवरूनच गेला. चिखलातून गेला असता तर पडला असता.

आत्याने टाच पाण्यात बुडवून घेतली, तुकडा काढला, फेकला, आणि मग वर बघून म्हणाली, "ती बघा तुमची भिंगरी. आज पहिल्यांदा स्थिर उभी आहे."

भिंगरी चिंचेपाशी होती तशीच होती. पाय रोवलेले, पाठ मागे टाकलेली, मुठीत दोर. हातांना मुंग्या येऊन गेल्या होत्या, आता तर हात आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. "कुणीतरी या इकडे," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "मी सोडलं तर जाईल."

नावाडी चढून तिच्यापाशी आला. त्याने झाडामागे बोट दाखवलं. दोराचं टोक चिंचेच्या वर आलेल्या मुळाला पक्कं बांधलेलं होतं. नावाड्याची गाठ, दुहेरी.

"कधी बांधलंत?"

"पाणी यायच्या आधीच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगितलं," नावाडी म्हणाला. "तुला ऐकूच गेलं नाही."

ती गाठीकडे बघत राहिली, मग वेढ्यांकडे, मग खाली नावेकडे. तरीही तिच्या मुठी सुटेनात. आई वर आली आणि एकेक बोट करून तिने त्या उघडल्या. करंगळी सर्वांत शेवटी सुटली. दोर तिच्या हातातून खाली पडला, आणि झाडाने तो जराही हलू दिला नाही.